सफरचंदावरची माशी वेगळी प्रजाती का मानू नये?

रानवेडा: नवी प्रजाती म्हटलं की लगेच बेट, डोंगर, नदी आठवते. एक समूह दुभंगला, लाखो वर्षं गेली, परत भेटले तरी जुगेनात. मला हे चित्र अपुरं वाटतं. अमेरिकेतली ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला ही फळमाशी बघा. मूळची हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या लाल फळांवरची. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी सफरचंद लावलं आणि १९व्या शतकाच्या मध्यावर हडसन नदीच्या खोऱ्यात ती सफरचंदातही सापडू लागली. इथे नवी प्रजाती घडत असावी, असं कीटकशास्त्रज्ञ बेंजामिन वॉल्शनं १८६४ सालीच सुचवलं होतं. मध्ये डोंगर नाही, नदी नाही, दोन्ही झाडं शेजारी शेजारी. पण ही माशी जुगते ती फळावरच. फळ बदललं की जोडीदारही बदलला! माझ्या मते या आता दोन प्रजाती आहेत.

खडूस काका: साफ असहमत. दर पिढीला ४ ते ६ टक्के सरमिसळ होते, हे याच माश्यांच्या अभ्यासात दिसलंय. मग प्रजाती कसली? जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरनं १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या साधी आहे: आपसात जुगणारा आणि इतरांपासून प्रजननानं तुटलेला समूह. इथे तुटलेलं नाही. उद्या हापूसवरची फळमाशी पेरूवर बसली की तुम्ही बारसं करून मोकळे!

चिकूची बाग: काका, उलट विचार करा. एवढी सरमिसळ होऊनही फरक पुसला जात नाही, कारण नैसर्गिक निवड तो दर वर्षी नव्यानं पाडते. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं. त्यातली अळी लवकर जमिनीत उतरते, म्हणजे कोषाला थंडीआधी उबदार दिवस जास्त काढावे लागतात. त्या उबेला फसून माशी बाहेर पडली तर फळही नाही आणि पुढे हिवाळा. खेळ खलास. प्रयोगात हॉथॉर्नकडच्या कोषांना मुद्दाम लांबलेली ऊब दिली, तेव्हा जगल्या-वाचलेल्यांचा जनुकीय कल सफरचंदवाल्यांकडे झुकलेला निघाला. तोही एका पिढीत. आणि संकराचं काय? बहुतेक संकर माश्या दोन्हींपैकी कुठल्याच फळाच्या वासामागे नीट जात नाहीत. फळच सापडलं नाही तर जुगणार कुठे?

खडूस काका: वास कळत नाही म्हणजे वांझ नव्हे.

कातळ: दोन्ही बाजू मेक्सिको विसरताय. २००३ मध्ये जेफ्री फेडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कोषाच्या झोपेशी निगडित गुणसूत्रांवरचे उलटे झालेले तुकडे सफरचंदाच्या आगमनापेक्षा फारच जुने आहेत. मेक्सिकोच्या पठारावरची माशी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी वेगळी पडली आणि तिची जनुकं पुढे उत्तरेकडे मिसळली. म्हणजे रानवेडा ज्या भौगोलिक दुराव्याला नको म्हणतात, त्याचा वाटा आहेच.

रानवेडा: वाटा मान्य. पण ती जनुकं उत्तरेत पोचली तेव्हा सफरचंद कुठे होतं? माश्यांची फाळणी झाली ती सफरचंद आल्यावर. शिवाय याच अळ्यांवर पोसणारी डायाकाझ्मा ही चिमुकली गांधीलमाशीसुद्धा त्यांच्यामागोमाग फुटतेय, २००९ मध्ये तसा शोधनिबंध आलाय. यजमान एकच असता तर ती का फुटली असती?

खडूस काका: 'फुटतेय' हे तुम्हीच म्हणताय. फुटली की कळवा, तोवर नाव एकच राहू दे.