सायकलनं कामावर जाणाऱ्यांनो, आपापला अनुभव सांगा

मी गेली चार वर्षं नागपुरात मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सला सायकलनं जातो. सुरुवात पोटासाठी केली. पोट आहे तिथंच आहे, पण संध्याकाळी घरी पोचल्यावर पोरांवर खेकसणं थांबलं. हे काहून झालं असेल? तुमचं काय झालं तेही लिहा. सायकलची किंमत सांगितली नाही तरी चालेल.

लक्ष्मीनगर ते सदर
आई गेली त्या वर्षी स्कूटरवर बसलं की रडू यायचं. सिग्नलला लोक वळून बघायचे. मग भावाची जुनी सायकल काढली. सायकलवर डोक्याला सवडच नसते हो. खड्डा बघा, ऑटो बघा, राँग साइडनं येणारा पोट्टा बघा. अर्धा तास दुसरं काही मनात शिरत नाही. ऑफिसात पोचते तेव्हा घामानं भिजलेली असते, पण आतून मोकळी.

वायुसेनानगर
मजा म्हणाल तर सेमिनरी हिल्सहून फुटाळ्याकडचा उतार! पायडल मारायचं कामच नाही. डिसेंबरात सकाळी सुटलो की डोळ्यांतून पाणी, कान सुन्न, आणि रस्ता रिकामा असला की मी एकोणपन्नास वर्षांचा बाप्या मोठ्यानं ओरडतो. संध्याकाळी तीच चढण व्याजासकट वसूल करते, ते वेगळं.

इतवारी
आमच्या गल्लीत एक चारचाकी शिरली की सगळं ठप्प. मी घंटी वाजवत बाजूनं निघून जातो. तेवढ्यावर दिवस चांगला जातो, खोटं काहून बोलू.

प्रतापनगर
मी सोडली. उभ्या कारचं दार अचानक उघडलं, हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये. डोकं हलकं होतं हे खरंच आहे, पण उभ्या गाड्यांजवळून जाताना अजून छातीत धडधडतं. तुम्ही चालवा, पण दारापासून हातभर लांबून.

खापरी
मे महिन्याचं कोणीच बोलून नाही राहिलं बाप्पा! नवतपा, 45 अंश, रस्त्याचं डांबर टायरला चिकटते. माझी तोड अशी: सकाळी सहाला सीताबर्डीपर्यंत सायकलनं जायचं आणि दुपारी शिफ्ट सुटली की सायकलसकट मेट्रोत बसायचं. डब्यात नेऊ देतात. तोंडाला शेला, खिशात कांदा, हातात सायकल. डब्यातली लहान पोरं येऊन घंटी वाजवतात. उन्हाळाभर अर्धीच सायकल होते, पण डोक्याला तेवढी पुरते.

लक्ष्मीनगर ते सदर, पुन्हा
आता रडू येत नाही का, असं एकानं विचारलं. येते ना. मग शंकरनगर चौकात उतरते, सायकल स्टँडवर लावते आणि टपरीवर कटिंग घेते. चहावाला काही विचारत नाही. साखर मात्र थोडी जास्त टाकतो.