शटडाऊन देताना ‘जी’ नावाचं अ‍ॅप अडवतंय, टास्कबारवर तर काहीच उघडं नाही

निपाणी_झेरॉक्स
विंडोज १०, ८ जीबी रॅम. दुकानातला पीसी आहे. त्यावर कन्नड-मराठी टायपिंगचा कीबोर्ड प्रोग्राम, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, दोन प्रिंटर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर. सगळं मिटवून शटडाऊन दिलं तरी पडद्यावर ‘हे अ‍ॅप शटडाऊन रोखत आहे’ येतं. नाव नुसतं ‘जी’, आयकॉन कोरा. ‘तरीही बंद करा’ दाबलं तर बंद होतो. नाही दाबलं तर थोड्या वेळाने परत डेस्कटॉप, पीसी चालूच. रात्री लाईट गेली की यूपीएस संपतो आणि पीसी धाडकन बंद.
रजिस्ट्रीत (विंडोजची आतली सेटिंग जिथे असतात तिथे) ‘ऑटोएंडटास्क्स’ १ करा असं सगळे सांगतात. करू का?

सीमाभाग_हार्डवेअर
लगेच नको. आधी कोण अडवतंय ते बघा की. ‘जी’ म्हणजे व्हायरस नव्हे. चित्रं-अक्षरं काढायला विंडोजची जीडीआय प्लस नावाची लायब्ररी आहे. जो प्रोग्राम ती वापरतो, त्याच्या नावावर एक न दिसणारी खिडकी उघडते आणि तिचं शीर्षक ‘जी’ दिसतं. म्हणजे पाठीमागे दुसराच कुणीतरी आहे.

शटडाऊन देताना विंडोज प्रत्येक खिडकीला ‘बंद होऊ का’ विचारतं. साधारण ५ सेकंदांत उत्तर आलं नाही की तो पडदा. प्रोग्राम यूएसबीची वाट बघत अडकला, किंवा ‘सेव्ह करू का’ची चौकट दुसऱ्या खिडकीमागे राहिली, की असं होतं.

त्या पडद्यावर रद्द करा. घड्याळाशेजारचा वरचा बाण दाबून एकेका आयकॉनवर राइट क्लिक, एक्झिट, मग शटडाऊन देऊन बघा. माझा पहिला संशय प्रिंटरच्या शाईची पातळी दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, दुसरा कीबोर्डवर. तिथे नसला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅब, रकान्याच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ रकाना चालू करा. फाइल कुठल्या फोल्डरमधून चालते ते तिथे कळतं. विंडोज फोल्डरातल्यांना हात लावू नका, बाकीचे एकेक करून एंड टास्क.

सापडला की टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप टॅबमध्ये डिसेबल. तिथे नसला तर टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारं विंडोजचं साधन) ‘लॉग ऑन’ला सुरू होणारी कामं बघा, पुष्कळ जण तिथे लपतात.

खानापूर_सर्व्हिस
वरचं बरोबर, पण एक फरक ध्यानात ठेवा. नावांची यादी दिसते तोवर गोष्ट प्रोग्रामची. यादी जाऊन नुसतं चक्र फिरत राहिलं तर ती सर्व्हिसची (खिडकीशिवाय पाठीमागे चालणारा प्रोग्राम) किंवा ड्रायव्हरची, मग टास्क मॅनेजरात शोधून उपयोग नाही. स्टार्टमध्ये एमएसकॉन्फिग टाइप करून उघडा, सर्व्हिसेस टॅब, ‘मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवा’वर आधी टिक. उरलेल्यांतल्या अर्ध्यांची टिक काढून रीस्टार्ट करा, मग शटडाऊन देऊन बघा. सुटलं तर दोषी त्या अर्ध्यात, नाहीतर दुसऱ्या.

प्रिंटर असलेल्या दुकानात अडकलेली प्रिंटही बघा. एखादा उतारा रांगेत लटकून राहतो. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा, सिस्टम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरातलं ‘प्रिंटर्स’ आतून रिकामं करा (ते फोल्डर उडवू नका), स्पूलर परत चालू.

सीमाभाग_हार्डवेअर
ऑटोएंडटास्क्सचं राहिलं. ते १ केलं की विंडोज विचारत नाही, उत्तर न देणाऱ्याला सरळ मारतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर तेव्हा डेटा लिहीत असेल तर फाइल अर्धवट. जीएसटी रिटर्नच्या आदल्या रात्री हे नको. ‘वेटटूकिलअ‍ॅपटाइमआउट’ २००० करा असंही सांगतात, ते म्हणजे प्रोग्रामला मारण्याआधी थांबायचा वेळ. मूळ २०,००० मिलिसेकंद असतात, म्हणजे २० सेकंद. ते आहे तसं असू द्या.

दोषी प्रोग्राम लागतोच असेल तर डेस्कटॉपवर दोन ओळींची बॅच फाइल (डबल क्लिक केलं की आतल्या आज्ञा चालवणारी) करा: पहिलीत टास्ककिल, म्हणजे प्रोग्राम बंद करायची आज्ञा, त्या एकाच ईएक्सईच्या नावाने, दुसरीत शटडाऊन, टायमर ० ठेवून. दोषी अ‍ॅडमिन म्हणून चालत असेल तर बॅचही अ‍ॅडमिन म्हणूनच चालवावी लागेल.

निपाणी_झेरॉक्स
शाईवालाच निघाला. त्याला एक्झिट केलं की लगेच बंद होतो. डिसेबल केलं, प्रिंट येते. रजिस्ट्रीला हात लावला नाही.

खानापूर_सर्व्हिस
प्रिंटरचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की तो स्टार्टअपमध्ये परत इनेबल होऊन बसतो. प्रत्येक अपडेटनंतर तो टॅब उघडून बघा.