मदत हवी आहे: स्टीव्हस्टनमधली चेरीची झाडं ओळखायला

नमस्कार मंडळी,

कॅनडात व्हँकुव्हरच्या दक्षिणेला, फ्रेझर नदी समुद्राला मिळते तिथे स्टीव्हस्टन आहे. मी तिथे राहते. एप्रिलचा पहिला आठवडा चालू आहे आणि सगळं गाव फुललंय. आई रत्नागिरीहून येतेय, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. एका झाडाचा बहर जेमतेम आठवडा-दीड आठवडा टिकतो, वारापाऊस झाला तर तेवढाही नाही. कोणतं झाड कुठल्या जातीचं हे कळलं, तरच तेव्हा तिला कुठे न्यायचं ते ठरवता येईल.

गॅरी पॉइंट पार्कचा प्रश्न नाही. तिथली २५५ झाडं अकेबोनो जातीची: फिकट गुलाबी, एकेरी, पानं फुटायच्या आधी फुलणारी. आई येईपर्यंत ती झडलेली असणार. वाकायामा प्रांतातून इथे आलेल्यांच्या संघटनेने ती दिली आहेत. इथले जुने जपानी कोळी बरेचसे त्याच प्रांतातल्या मिओ गावचे. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई सुरू झाल्यावर कॅनडा सरकारने त्यांच्या बोटी जप्त केल्या आणि १९४२ मध्ये त्यांना किनाऱ्यावरून सक्तीने हलवलं. परतायला १९४९ उजाडावं लागलं. हे वाचल्यापासून त्या झाडांखाली मी जरा जास्त वेळ थांबते.

मार्चमध्येच फुलून गेलेली, जांभळ्या पानांची झाडं प्लमची, हेही आता ओळखता येतं. चेरीच्या खोडावर आडव्या रेघा असतात, फुलं लांब देठांच्या घोसात येतात आणि पाकळीच्या टोकाला खाच असते.

अडलंय ते दोन झाडांपाशी. आमच्या गल्लीतल्या एकाच्या कळ्या अजून घट्ट आहेत. मागच्या वर्षी त्याला भरगच्च डबल गुलाबी फुलं होती आणि कोवळी पानं तांबूस. फुलाच्या मधोमध दोन बारीक हिरवी पानं दिसायची. हे कांझान की शिरोफुगेन? दुसरं झाड कोपऱ्यावरचं. त्याच्या काही फांद्यांवर आत्ताच एकेरी पांढरी फुलं आलीत, बाकीच्या फांद्या नुसत्या कळ्यांच्या. एकाच झाडावर असं कसं?

प्रतिसाद १ (रानजाई)

मी व्हँकुव्हरशेजारच्या बर्नबीत राहते. मधल्या हिरव्या पानांवर जाऊ नका, ती दोन्ही जातींत असतात. रंग बघा. कांझान उमलतानाच गडद गुलाबी असतं. शिरोफुगेनच्या कळ्या गुलाबी, फूल उमलतं पांढरं आणि झडायच्या आधी पुन्हा गुलाबी होतं. झाडाचा आकारही बघा: कांझानच्या फांद्या खालून वर तिरक्या पसरत जातात, शिरोफुगेन आडवं आणि पसरट. कांझान असेल तर आई येतील तेव्हा ते बहुधा भरात असेल. शिरोफुगेन त्याच्याही मागून फुलतं, मे महिन्यात शिरतं.

कोपऱ्यावरच्या झाडाचा खुंट, म्हणजे कलम ज्यावर बांधलंय ते खालचं झाड, फुटलाय असं वाटतं. इथे शोभेच्या चेरीची कलमं बऱ्याचदा रानचेरीच्या खुंटावर बांधतात. रत्नागिरीकडे हापूसच्या कलमाखालून रायवळ फुटतो ना, तसंच. पांढऱ्या फांद्या कलमाच्या जोडाच्या खालून निघाल्यात का, ते बघा. जोडापाशी खोडाची जाडी किंवा साल एकदम बदललेली दिसते.

धागाकर्ती

मनापासून आभार! गल्लीतलं झाड खालून वरच पसरलंय, म्हणजे कांझान धरून चालते, कळ्या उमलल्या की रंग पुन्हा तपासेन. कोपऱ्यावरच्या झाडाचा जोडही सापडला, साधारण कमरेएवढ्या उंचीवर, आणि पांढऱ्या फांद्या सगळ्या त्याच्या खालच्याच. आता एवढंच सांगा: झाड रस्त्याकडेचं, म्हणजे शहराच्या मालकीचं. या फांद्या कापायला उद्यान विभागाला आत्ता कळवू की बहर संपल्यावर? खुंट जोर धरून वरचं कलम दाबून टाकेल, अशी भीती वाटते.