नेवाडाच्या वाळवंटात गरम झऱ्याजवळ तंबू टाकायचा आहे, सल्ला हवा

सोनकी
लोकहो, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जोडून चार दिवस मोकळे आहेत. नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात एखाद्या गरम झऱ्याजवळ तंबू टाकून राहायचं डोक्यात आहे. नळ, वीज, संडास, शेजारी यातलं काहीही नसलेली जागा हवी. ‘डबल हॉट’ झऱ्याचे फोटो पाहिल्यापासून तर दुसरं काही सुचत नाहीये. निळंशार पाणी, मागे उघडेबोडके डोंगर!

आम्ही चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेले सासरे (वय ७१, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत). गाडी साधी ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर. तंबूत राहिलोय, पण नळ-संडास असलेल्या कॅम्पग्राउंडवरच. निघणार बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासून. सासरे विचारतायत, ‘वज्रेश्वरीसारखी बांधलेली कुंडं आहेत का?’ काय सांगू त्यांना?

खडकमाळ
आधी डबल हॉट यादीतून काढा. तो झरा लांबून बघायचा, त्यात उतरायचं नाही. पाणी उकळीच्या जवळ असतं, म्हणून तर कुंपण घातलंय. फोटोत जे निळंशार दिसतं तेच सगळ्यात भाजणारं.

१८४९ च्या सोन्याच्या धावपळीत कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या बैलगाड्या याच वाळवंटातून जायच्या. कोरडा टप्पा ओलांडून तहानलेली जनावरं पाण्यापाशी पोचायची आणि पाणी निघायचं असं भाजणारं. १९८१ मध्ये यलोस्टोनला एका तरुणाने मित्राच्या कुत्र्याला वाचवायला अशाच झऱ्यात उडी घेतली. दोघंही गेले. मूल बरोबर आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

त्यात या झऱ्यांच्या काठची माती काही ठिकाणी नुसता पापुद्रा असते. वरून टणक दिसते आणि पाय टाकला की आत जाते. मळलेली पायवाट सोडू नका.

जिप्सीण
माझा प्रश्न वेगळा आहे, सोनकी. स्टेपनी कोणती आहे? डिकीचं झाकण उचलून बघ. ती बुटकी, सायकलच्या चाकाएवढी असेल तर ब्लॅक रॉकचा विषय इथेच संपला.

सांगते का ते. आम्ही ब्लॅक रॉकमधल्याच सोल्जर मेडोजच्या झऱ्यांवर गेलो होतो. गेरलाख हे शेवटचं गाव, तिथून पुढे साठ मैलांच्या आसपास जायचं, त्यातला बहुतेक रस्ता खडीचा. खडी म्हणजे आपली गोलगोल नव्हे, पात्यासारखी. चाळीसाव्या मैलावर मागचं उजवं चाक फुसकन बसलं. नवऱ्याने स्टेपनी लावली, मी थर्मासमधला चहा ओतला, आम्ही हसलो वगैरे. आणखी अकरा मैलांवर मागचं डावं. तेव्हा कोणी हसलं नाही. पंक्चरच्या किटमधल्या चिकट दोऱ्या होत्या, त्यातल्या तीन एकाच भोकात कोंबल्या, सिगारेट लायटरवर चालणाऱ्या पंपाने हवा भरली आणि ताशी पंधरा मैलांनी परत फिरलो. फोनला रेंज नाही. चार तासांत एक पिकअप दिसली, तीही उलट्या दिशेला जाणारी.

तिथे टोइंगची गाडी बोलावली तर बिल चार आकडी होऊ शकतं. आणि गाडी भाड्याची असेल तर करार वाच. बहुतेक करारांत डांबरी सोडलं की विमा संपतो.

धोपटमार्ग
जिप्सीणताईंना +१. शिवाय नोव्हेंबरअखेर म्हणजे प्लाया ओला असायची दाट शक्यता. प्लाया म्हणजे तो सपाट पांढरा तळ, एका जुन्या आटलेल्या सरोवराचा. कोरडा असताना टेबलासारखा, दोन सरी पडल्या की साबण. गाडी रुतली तर बाहेर निघत नाही, आणि निघालीच तर मागे राहिलेल्या चाकोऱ्या फार काळ जात नाहीत. ओल्या प्लायावर गाडी घालूच नका.

फ्लाय गीझर हा गरम पाण्याचा कारंजा कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. तो निसर्गाने केलेला नाही, १९६४ मध्ये भूऔष्णिक विहीर खोदली, ती नीट बुजवली नाही, त्यातून तयार झाला. खाजगी जागेत आहे, ठरवून नेलेल्या फेरीशिवाय आत सोडत नाहीत.

सोनकी
बुटकीच निघाली. 😔 म्हणजे बेतच रद्द का? मुलाने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय.

निवडुंग
रद्द कशाला? जागा बदला. स्पेन्सर हॉट स्प्रिंग्जला जा. नेवाडातल्या रीनो शहराहून महामार्ग ५० ने ऑस्टिन नावाचं टीचभर गाव पावणेदोनशे मैलांच्या आत येतं. तिथून वीसेक मैलांवर झरे, आणि कच्चा रस्ता त्यातला फक्त शेवटचा सहा-सात मैलांचा. तुमची गाडी हळू चालवत नेलीत तर जाईल. जागा बीएलएमची, म्हणजे केंद्र सरकारची सार्वजनिक जमीन. तिथे तंबूला फी नाही, आरक्षण नाही, आणि तुम्हाला नको असलेलं बाकीचंही काही नाही.

सासऱ्यांना सांगा, बांधीव कुंड नाही, पण डोण आहे. खरंच! गुरांना पाणी पाजायची पत्र्याची मोठी डोण उघड्या माळावर ठेवलीय, झऱ्याचं पाणी पाइपने तिच्यात पडतं. पाइपचं तोंड डोणीत असलं की पाणी तापत जातं, बाजूला सरकवलं की हळूहळू निवतं. आधीचे लोक पाइप आत ठेवून गेले असतील तर पाणी चटके देणारं मिळेल. मग पाइप बाहेर काढा आणि अर्धा-पाऊण तास गप्पा मारा. दुसरा इलाज नाही.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर न्या. १०४ फॅरेनहाइट, म्हणजे ४० सेल्सिअस, ही मोठ्यांसाठी वरची मर्यादा. मुलासाठी त्याहून बरंच कमी. हात घालून अंदाज घेऊ नका. बाहेर गारठलेल्या हाताला सगळंच गरम लागतं.

धोपटमार्ग
एक नाजूक विषय. असल्या आडबाजूच्या झऱ्यांवर लोक बरेचदा कपड्यांशिवाय बसतात. कोणाला त्याचं काही वाटत नाही, तुम्ही कपड्यांत बसलात तरी कोणी काही म्हणत नाही. पण सासऱ्यांना गाडीतच कल्पना द्या. आमच्या काकांना दिली नव्हती. ते पुढचे दोन दिवस फक्त डोंगरांकडे बघत होते.

काढा
डॉक्टर म्हणून दोन ओळी. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, त्यात गोळी चालू. माणूस झटकन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. सासऱ्यांनी जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं. बसलेच तर दहा मिनिटं, छातीपर्यंत पाणी नको, बाहेर येताना कोणीतरी हात धरावा. आधी दारू अजिबात नको.

मुलासाठी: डोकं पाण्याखाली घालायचं नाही. उड्या नाहीत, नाकात पाणी जाईल असा कुठलाच खेळ नाही. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूत जातो. फार दुर्मिळ, पण झाला तर बहुधा जीवघेणाच. पाणी प्यायल्याने होत नाही, तरी ते पाणी पिऊही नका. उघडी जखम असेल तर पाण्याबाहेरच राहा.

सोनकी
काढा, धन्यवाद. नियम फ्रिजवर लावलाय. निवडुंग, तंबू डोणीच्या अगदी शेजारी लावला तर चालेल ना? रात्री उठून डुबकी मारता येईल.

निवडुंग
नको. नेवाडात कायदाच आहे की जनावरांची वाट अडेल असा मुक्काम पाणवठ्यापासून शंभर यार्डांच्या आत करायचा नाही. तिथे रानटी गाढवं फिरतात, तीही हेच पाणी पितात. आणि लोक रात्री दोनला सुद्धा डोणीवर येतात, तुम्हाला झोप मिळणार नाही. दोनशे पावलांवर, आधी कोणीतरी वापरलेली सपाट जागा बघा. नवी जागा साफ करत बसू नका.

संडासासाठी खुरपं न्या. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून दोनशे फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा, नंतर माती ओढायची. कागद पिशवीत घालून परत आणायचा. वाळवंटात तो कुजत नाही, वाऱ्याने उघडा पडतो आणि सेजच्या झुडपांना लटकतो. ते दृश्य एकदा पाहिलं की पटतं.

जिप्सीण
माझी भर: पिण्याचं पाणी माणशी दिवसाला निदान एक गॅलन, आणि एक दिवस जास्तीचं. पेट्रोलची टाकी ऑस्टिनला पुन्हा भर. स्पेन्सर साडेपाच हजार फुटांच्या वर आहे, पारा रात्री शून्य सेल्सिअसच्या बराच खाली जातो. पाण्याचा एक कॅन तंबूत घ्या, नाहीतर सकाळी चहाला बर्फ फोडावा लागेल. ओले पोहण्याचे कपडे बाहेर टाकले की पापड होतात. डोणीतून तंबूपर्यंतची दोनशे पावलं हीच खरी परीक्षा. टॉवेल, कानटोपी, सपाता डोणीच्या काठावर हाताशी ठेवा, गाडीत नाही.

साबण, तेल, लोशन लावून पाण्यात उतरू नका. सोल्जर मेडोजला तर डेझर्ट डेस नावाचा बोटभर मासा आहे, तो जगात फक्त तिथल्याच झऱ्यांत राहतो. लोक बसायला जागा व्हावी म्हणून दगड रचून पाणी अडवतात आणि त्याचं घर मोडतात. पुढे कधी गेलात तर लक्षात ठेवा.

खडकमाळ
दोन गोष्टी राहिल्या. घरी कोणालातरी लिहून द्या, कुठे चाललोय आणि कधी परत. आणि वाटेतल्या सिएरा डोंगरांवर बर्फ असेल, चाकांच्या साखळ्या घ्या.

पाणी तापतं कसं हे मुलगा विचारेलच. तिथे ज्वालामुखी नाही. नेवाडाखालचं कवच ताणलं जाऊन पातळ झालंय. पावसा-बर्फाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

सोनकी
(८ डिसेंबर) मंडळी, जाऊन आलो. पोचलो तेव्हा पावणेचार, सूर्य टोयाबी डोंगरांना टेकायला आलेला. थर्मामीटर ११३! पाइप बाहेर काढला, तंबू लावला, आमटी गरम केली. साडेसहाला १०२ झालं तेव्हा बसलो. मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी ९७ वर बसवलं. खुंट्या जमिनीत शिरेनात, शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या.

सासरे डोणीत बसलेच नाहीत. खुर्ची टाकून, ब्लँकेट पांघरून, घोट्यापर्यंत पाय बादलीत. ती बादली डोणीतल्या पाण्याने पाच वेळा भरून नेली. (डोणीवर एक जोडपं होतं, होय धोपटमार्ग, तसंच. सासरे म्हणाले, ‘थंडी वाजत नाही का यांना?’)

पहाटे पाचला त्यांनीच सगळ्यांना उठवलं. डोणीपाशी तीन गाढवं, अंगावर बर्फाचा भुरा, सांडलेलं पाणी पीत होती. आम्ही तंबूच्या चेनमधून बघत होतो. मुलाला शिंक आली आणि ती गेली.

टायर शाबूत. स्टेपनी मात्र आता पूर्ण आकाराची घेतोय. सोल्जर मेडोजचा रस्ता साधारण कोणत्या महिन्यात सुकतो?