झोप लागत नाही आणि दिवसभर थकवा: अश्वगंधा, मॅग्नेशियम की मेलाटोनिन?

सहा_बावन्न

नमस्कार मंडळी. सातआठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४३, डोंबिवली. आयडीवरून कळलंच असेल, सकाळी ६:५२ची पकडते आणि संध्याकाळी घरी पोचायला साडेसात होतात. रात्री साडेदहाला अंग टाकते तेव्हा डोळे मिटत असतात, पण एक-दीडपर्यंत टक्क जागी. सकाळी उठले की रात्रभर कुणीतरी बडवून काढल्यासारखं वाटतं. पोळ्या लाटताना पोट ओट्याला टेकवून उभी राहते. स्टेशनच्या पुलावर मध्ये एकदा थांबावं लागतं, लोक मागून ढकलतात. नवऱ्याची वेगळीच तक्रार, मी झोपेत लाथा झाडते म्हणे. त्याने मधे लोड ठेवलाय.

आतापर्यंत केलेले उद्योग: अश्वगंधाच्या गमीज दीड महिना (ऑफिसमधल्या मैत्रिणीला फार फरक पडला म्हणून). मॅग्नेशियम, त्याने पोट साफ होतं, एवढंच. मेलाटोनिन ५ मिग्रॅ आठवडाभर, त्याने अकराला झोप लागायची पण सकाळी दादरपर्यंत डोकं जड. शिवाय सासूबाईंचं जायफळ घातलेलं दूध. महिन्याला अडीच हजार या डब्यांवर जातायत.

झोपेच्या गोळ्या नकोत, सवय लागते. नैसर्गिकच काहीतरी हवंय. कुठलं घ्यावं, किती, कोणत्या कंपनीचं?

खलबत्ता

गमीज बंद करा आधी, ती साखरेची गोळी आहे. खसखस रात्री भिजवून वाटायची, दुधात शिजवायची, वर जायफळ सहाणेवर दोन वेढे उगाळून. आणि तळपायाला काशाची वाटी. आमची आजी तळपायाला तूप चोळून वाटी गोल गोल फिरवायची, दहा मिनिटांत वाटीची कड आणि पाय दोन्ही काळे व्हायचे. "बघ किती उष्णता निघाली." दुसऱ्या पायाला वाटी लागेपर्यंत मी झोपलेली असायचे.

गोळीवाला

ते काळं म्हणजे तूप आणि काशातलं तांबं यांचं भांडण, उष्णता नव्हे. पण पाय चोळून घेतल्यावर झोप लागते हे शंभर टक्के खरं. वाटी चालू ठेवा.

जायफळ मात्र वेढ्यांतच मोजा, चमच्यात नाही. त्यात मिरिस्टिसिन असतं. पाच ग्रॅमच्या पुढे, म्हणजे जेमतेम एक फळ, पोटात गेलं तर धडधड, उलट्या, भास असे प्रकार होतात. श्रीखंड-पुरणपोळीतली चिमूट वेगळी.

वाळवंटी_आंबा

खसखशीवरून अवांतर. यूएईत कुणी येत असेल तर पिशवीत खसखस टाकून येऊ नका, इथे तिच्यावर बंदी आहे. सिंगापूरलाही आहे. माझ्या आईने एका दिवाळीला फराळ पाठवायचं ठरवलं आणि अनारशांपाशी अडली. शेवटी बिनखसखशीचे अनारसे केले. बोडकेच दिसत होते बिचारे, पण आले.

मीच_तो_काका

ताई, घोरता का? नवरा लोडापलीकडे आहे त्याला विचारा. मी पंधरा वर्षं थकलेला होतो, च्यवनप्राशपासून शिलाजितापर्यंत सगळं झालं. शेवटी बायकोने मोबाईलवर माझं घोरणं रेकॉर्ड केलं. मध्ये मध्ये आवाज पूर्ण बंद, मग एकदम बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास. स्लीप स्टडी केली. स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास थांबत असेल तर कुठली मुळी काय करणार? आता मशीन लावून झोपतो. दिसतो हत्तीसारखा, पण दुपारच्या मीटिंगमध्ये डुलक्या नाहीत.

सोमि_गोमि

विषय कुठे चाललाय? त्यांनी नैसर्गिक उपाय विचारलेत. अश्वगंधा हजारो वर्षं वापरात आहे, आयुर्वेदात साईड इफेक्ट नसतात. गमीज नको, चूर्ण घ्या, रोज एक चमचा, सहा महिने. डोळे झाकून.

गुळवेल

मी बीएएमएस आहे, नगरला दवाखाना आहे. आयुर्वेदात साईड इफेक्ट नसतात हे आयुर्वेदाने कुठे म्हटलंय ते मलाही दाखवा. देश, काळ, वय, बल बघून औषध द्यायचं हेच तर आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकवतात.

अश्वगंधा चांगली आहे. तिच्या शास्त्रीय नावातला 'सोम्निफेरा' म्हणजेच झोप आणणारी. चूर्ण ३ ते ६ ग्रॅम ही ग्रंथोक्त मात्रा. पण ती मुळांची. बाजारात पानांचा अर्कही घुसवतात, आयुष मंत्रालयाने २०२१ साली पानं वापरू नका असं कंपन्यांना कळवलं होतं. लेबलवर 'मूळ' लिहिलंय का बघा. गरोदर बाईने घेऊ नये. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल (हायपर) तर नाही. यकृताला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, थोड्या असल्या तरी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदीच घातली. मला ती बंदी जरा जास्तच वाटते, पण डोळे झाकून सहा महिने हेही नको. लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली की त्याच दिवशी बंद.

आणि चरकाने झोप आणणाऱ्या गोष्टींत सगळ्यात वर काय ठेवलंय माहितीये? म्हशीचं दूध. अडीच हजारांत किती येईल हिशोब करा.

चकली_भाजणी

अश्वगंधा आणि थायरॉईडबद्दल अनुमोदन. माझी थायरॉक्सिनची गोळी चालू आहे. त्यावर कुणालाही न विचारता अश्वगंधा सुरू केली. दोन महिन्यांत हात थरथरायला लागले, रात्री छातीत धडधड. टीएसएच पार खाली गेलेला, म्हणजे शरीरात थायरॉईड संप्रेरक जास्त झालेलं. डॉक्टरांनी आणखी काय घेता विचारलं तर मी म्हटलं, "काही नाही, नैसर्गिक आहे ते."

पलीकडचा_तीर

न्यू जर्सीहून. मेलाटोनिन इथे किराण्याच्या दुकानात चॉकलेटशेजारी मिळतं, ब्रिटनमध्ये त्यालाच चिठ्ठी लागते. ते झोपेचं औषध नव्हेच, शरीराला "अंधार झाला" असं सांगणारं संप्रेरक आहे. भारतातून परतलो की जेट लॅगला उपयोग होतो, तोही अर्ध्या ते एक मिलिग्रॅमने. ५ फार झाले, म्हणून दादरपर्यंत डोकं जड. शिवाय २०२३ मध्ये इथे २५ गमीज तपासल्या होत्या, तर लेबलच्या पाऊणपटीपासून जवळपास साडेतीनपटीपर्यंत माल निघाला. एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं.

अर्धी_भाकरी

सगळे गोळ्यांवर बोलतायत, ताईंच्या पायांवर कुणीच नाही.

@सहा_बावन्न, लाथा झाडता म्हणालात. झोप लागायच्या आधी पिंढऱ्यांत काहीतरी वळवळतं का? पाय हलवावेसेच वाटतात, उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, पडलं की परत सुरू? पुलावर थांबता ते पाय दुखतात म्हणून की दम लागतो म्हणून? पाळी कशी आहे? चहा किती? आणि हसू नका, पण कच्चे तांदूळ, बर्फ, पाटीवरची पेन्सिल असलं काही खावंसं वाटतं का?

सहा_बावन्न

बाई गं. तुम्ही घरात कॅमेरा लावलाय का?

पिंढऱ्यांचं शंभर टक्के. मी ते कुणाला सांगितलंच नव्हतं कारण सांगायचं काय? दुखत नाही, मुंग्याही नाहीत, आतून कुणीतरी दोरी ओढतं. मी उठून हॉलमध्ये फेऱ्या मारते, सासूबाईंना वाटतं पाणी प्यायला उठते. पुलावर दम लागतो. पाळी आठ दिवस, पहिले तीन दिवस ऑफिसला दुसरा ड्रेस घेऊन जाते. वयाचं असेल म्हणून सोडून दिलं. चहा पाच-सहा कप.

आणि तांदूळ. निवडायला घेतले की मूठभर तोंडात. हल्ली न निवडताही डब्यात हात जातो. मुलगी ओरडते.

अर्धी_भाकरी

मी तीन वर्षं याच वाटेने गेलेय. माझं पेन्सिलींचं होतं, चाळिशीच्या बाईने स्टेशनरीच्या दुकानात "मुलासाठी हवीय" सांगून आणायच्या. डॉक्टरकडे जा, झोपेची गोळी मागायला नाही, रक्त तपासायला. नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) सांगा.

गोळीवाला

अर्धी_भाकरी, साष्टांग नमस्कार. औषधाच्या दुकानात वीस वर्षं काढली, मीही डबेच वाचत बसलो.

लोह कमी झालं की दम, थकवा, कच्चे तांदूळ हे तर येतंच, पायांची ही चुळबुळही त्याने येते. म्हणून जिला थकवा आहे तिलाच झोपही नाही. अश्वगंधा काय करणार त्यात? आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या झोपेसाठी घेऊ नका, त्यांनी पायांचं हे दुखणं वाढतं. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायका रक्तक्षयाच्या, हा सरकारी पाहणीचाच आकडा. तरी प्रत्येकीला वाटतं आपणच आळशी झालोय.

फेरिटिनसोबत बी१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच, साखर हेही बघतील. काकांचा घोरण्याचा मुद्दा खोडू नका, तोही विचारून घ्या.

सहा_बावन्न (बारा दिवसांनी)

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.१. फेरिटिन ५. बी१२ १७८. ड १४. हे चारही कमी. टीएसएच २.९, म्हणजे थायरॉईड ठीक. घोरत नाही (नवऱ्याची साक्ष). सोनोग्राफीत फायब्रॉइड निघालाय, त्याचं वेगळं चालू आहे.

डॉक्टरबाईंनी माझ्या डब्यांची पिशवी टेबलावर ओतली, एकेक वाचला आणि काही न बोलता परत भरली. लोहाची गोळी दिलीय, एक दिवसाआड. रोज का नाही विचारायचं राहिलं. बी१२ ची इंजेक्शनं, ड ची आठवड्याला एक पुडी.

गोळीवाला

एक दिवसाआड बरोबर आहे. लोहाची गोळी पोटात गेली की शरीर हेप्सिडिन नावाचं दार लावून घेतं, ते दुसऱ्या दिवशीही पुरतं उघडत नाही. रोज घेतलं तर बरंचसं वायाच जातं, वर पोट बिघडतं.

चहाची गाठ मात्र सोडवा. गोळीच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको, दूध आणि कॅल्शियमही नको. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. ड ची पुडी ६०,००० युनिटची असेल, ती आठवड्यालाच. रोज घेऊन आजारी पडलेले मी पाहिलेत. आणि हिमोग्लोबिन वर आलं की गोळी आपणहून बंद करू नका, साठा भरायला पुढचे काही महिने लागतात.

सोमि_गोमि

हे सगळं बीट, खजूर आणि लोखंडी कढईने पण झालं असतं.

गुळवेल

झालं असतं, फेरिटिन ३० असतं तर. ५ वर कढई चाटून भरत नाही हो. कढईतली भाजी खाऊ द्यात की, गोळीच्या जोडीला.

सहा_बावन्न (साधारण दीड महिन्याने)

विचारपूस करणाऱ्यांसाठी. हिमोग्लोबिन १०.६. पुलावर थांबत नाही, परवा लक्षात आलं की वर पोचले आणि फोनवर बोलतेच आहे. पिंढऱ्यांची दोरी आठवड्यातून एखाददुसऱ्या रात्री. झोप पूर्ण बसलेली नाही, साडेअकरा-बारा होतातच, पण दीड नाही. संध्याकाळी ऑफिसातून निघतानाचा चहा सोडला, तो सगळ्यात जड गेला. मॅग्नेशियम बंद, मेलाटोनिन बंद. काशाची वाटी सासूबाईंकडे होतीच, माळ्यावर. आता त्या मला लावतात आणि मी त्यांना. तांदळाच्या डब्यात हात गेलेला नाही.

लोड अजून मधेच आहे. नवरा म्हणतो त्याला सवय झाली.

अश्वगंधाच्या गमीजचा एक अख्खा डबा उरलाय. कुणाला देऊ का?

गोळीवाला

नको.

नवी_पहाट७

छान धागा. माझी थायरॉक्सिन ७५ चालू आहे, फार थकवा असतो. अश्वगंधा चालेल का? डबा मला द्याल?

चकली_भाजणी

अगं वर वाच!