मुलीला गाईडमध्ये राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जायचंय, सातवीत आहे, उशीर झालाय का? आणि स्कॉलरशिप मिळते का?

ऐरोलीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, ऐरोलीतच अनुदानित मराठी शाळा. या वर्षी शाळेत गाईडची कंपनी, म्हणजे स्काऊटसारखं मुलींचं पथक, नव्याने सुरू झाली आणि ही त्यात इतकी रमलीये की काय सांगू, गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा सोडून परत तिनेच बांधली, क्लोव्ह हिच की काय ती गाठ मारून, आणि खरंच आता ती सैल पडत नाही. परवा म्हणाली आई मला राष्ट्रपती पुरस्कार घ्यायचाय. मला आनंदच आहे पण यातलं काहीच माहीत नाही. सातवीत सुरुवात म्हणजे उशीर झाला का? दुसरं म्हणजे माझ्या जाऊबाई अमेरिकेत असतात, त्या म्हणाल्या तिकडे गोल्ड अवॉर्ड मिळाला की कॉलेजला स्कॉलरशिप मिळते, तसं आपल्याकडे आहे का? मिस्टरांचं म्हणणं आहे की दहावी जवळ आली की हे सगळं बंद, फायदा काय ते आधी विचार. कोणाच्या मुली गेल्या असतील तर प्लीज सांगा.

गाईड_कॅप्टन_ठाणे
ताई, उशीर नाही झाला, पण आता वेळ घालवू नका. गाईड म्हणजे दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुली, त्याआधी बुलबुल असतात, त्यांचे कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख असे टप्पे. तुमची मुलगी थेट गाईडला आली तरी काही बिघडत नाही. इथे आधी प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. एक पायरी झाली की दुसरी लगेच देता येत नाही, मध्ये ठरलेले महिने काम करावंच लागतं, म्हणून जे पालक नववीत येऊन म्हणतात मॅडम हिला दहावीच्या आत राष्ट्रपती करून द्या त्यांना मी हात जोडते, ते होत नाही. सातवीत सुरू केलं तर दहावीपर्यंत राज्य पुरस्कार नीट होतो, आणि राष्ट्रपतीसाठी वयाची वरची अट अठराची आहे त्यामुळे अकरावी हाताशी राहते.

आता कागदांचं बघा, मुली हुशार असूनही गाडी तिथेच अडते. कंपनीची नोंदणी दरवर्षी व्हावी लागते, ती झालीये का हे शाळेत जाऊन विचारा, संकोच करू नका. प्रत्येक सोपानाची तारीख, प्रमाणपत्र, वेगवेगळ्या कौशल्यांच्या दक्षता पदकांची पत्रं, शिबिरांची प्रमाणपत्रं, सगळं एका फाईलमध्ये आणि त्याच्या झेरॉक्स वेगळ्या. तृतीय सोपानाची चाचणी जिल्हा पातळीवर होते, राज्य पुरस्काराची राज्यातर्फे, आणि तिथे तुम्ही काय केलंत हे लॉगबुकवरून विचारतात. लॉगबुक आईने किंवा ताईने सुंदर अक्षरात लिहून दिलेलं लगेच कळतं हो. मुलीलाच लिहू द्या, खाडाखोड चालेल.

नेरूळची_रेंजर
काकू मी राज्य पुरस्कार केलाय, आता रेंजरला, म्हणजे गाईडच्या पुढच्या मोठ्या मुलींच्या विभागात, आहे. फायदा काय म्हणाल तर एक गोष्ट सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये पावसाळ्यात जिन्यात एक आजी घसरल्या, मनगट धरून बसल्या होत्या आणि सगळे नुसते रिक्षा बोलवा रिक्षा बोलवा करत होते. मी घरातून गाईडचा स्कार्फ आणला, तो त्रिकोणीच असतो ना, वर्तमानपत्राची जाड घडी करून मनगटाखाली आधार दिला, हात कोपरात वाकवून छातीशी घेतला आणि स्कार्फची झोळी केली. गाठ रीफ नॉटच मारायची कारण ती चपटी बसते, मानेला टोचत नाही, आणि ती मानेच्या मागे मधोमध नाही तर खांद्याच्या बाजूला घ्यायची. मग बोटं गार पडतायत का, निळी पडतायत का ते बघत बसले डॉक्टरकडे पोचेपर्यंत. आजी पूर्ण वेळ माझ्याशी बोलत होत्या. हे मला कुठल्याही क्लासने शिकवलं नसतं.

बाकी शिबिरात तंबू, होकायंत्र, बांबूची गॅजेट्स, बिनभांड्यांचा स्वयंपाक, रात्री शेकोटी, सगळं करावं लागतं आणि आई सोबत नसते, हे पहिल्या रात्री जड जातं पण दुसऱ्या दिवशी पॅट्रोलमधल्याच, म्हणजे आपल्या छोट्या गटातल्याच, मैत्रिणी होतात. आमच्या पॅट्रोलचं नाव मोगरा होतं, गाईडच्या पॅट्रोलना फुलांची नावं असतात. आणि खरी कमाई, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवणं, सिरीयसली घ्या, आम्ही शाळेत भेळेचा स्टॉल लावला होता, कच्चा माल किती, भाव काय ठेवायचा, नफा किती हे सगळं आम्ही मुलींनीच लिहिलं होतं.

माहेर_डोंबिवली_सासर_न्यूजर्सी
जाऊबाई म्हणतात ते बरोबर आहे पण ती संस्थाच वेगळी आहे. अमेरिकेतली गर्ल स्काऊट्स १९१२ मध्ये ज्युलिएट गॉर्डन लो यांनी सव्हाना शहरात सुरू केली. तिथे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे अवॉर्ड, गोल्ड हा नववी ते बारावीच्या मुलींसाठी. माझ्या मुलीचं तेच चाललंय. गोल्डसाठी साधारण ८० तास धरतात, आणि नुसतं एक दिवस कचरा उचलला असं चालत नाही, प्रश्नाच्या मुळाशी जाऊन असं काम करायचं की मुलगी कॉलेजला गेल्यावरही ते चालू राहील. काही कॉलेजं आणि संस्था गोल्डवाल्या मुलींना स्कॉलरशिप देतात, पण तीसुद्धा आपोआप नाही, वेगळा अर्ज, निबंध सगळं करावं लागतं. लष्करात भरती झाली तर वरच्या श्रेणीत सुरुवात मिळते तेही आहे. पण हे सगळं तिथल्या सभासद मुलींसाठी, आपल्याकडच्या गाईडला ते लागू नाही. जगाच्या पातळीवर मात्र दोन्हीकडच्या मुली एकाच संघटनेत येतात आणि तिच्या जागतिक केंद्रांपैकी एक आपल्या पुण्यात आहे, संगम, १९६६ पासून. सुट्टीत आलो की लेकीला तिथे न्यायचंच ठरवलंय.

रेल्वेवाले_काका_कोपरी
पैशाचं स्पष्ट सांगतो. राष्ट्रपती पुरस्कार हा सन्मान आहे, रोख स्कॉलरशिप नाही. पण रेल्वेत स्काऊट गाईड कोट्यातून भरती निघते, जागा मोजक्या असतात. त्याला राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज (स्काऊट-गाईड शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा बॅज) लागतो, शिवाय मागची पाच वर्षं सक्रिय असल्याचा दाखला आणि राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या कार्यक्रमांतला सहभाग. म्हणजे पुरस्कार घेऊन घरी बसलेल्याला उपयोग नाही.

आणि स्कॉलरशिपच हवी असेल तर तुमची शाळा अनुदानित आहे ना, मग पुढच्या वर्षी आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची, परीक्षा द्यायला लावा. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि सातवीत ५५ टक्के असतील तर बसता येतं, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना टक्केवारीत सवलत आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यात. खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना हे मिळत नाही, म्हणून तुम्ही ही संधी सोडू नका. दोन्ही गोष्टी एकत्र होतात, माझ्या पुतणीने केल्यात.

ऐरोलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, एनएमएमएसचं ऐकून ते स्वतःच शाळेत जातो म्हणाले. एकच राहिलं, शाळा दहावीपर्यंतच आहे, मग अकरावीत राष्ट्रपतीचं काय करायचं? कंपनी तर सुटणार ना?

गाईड_कॅप्टन_ठाणे
हो, आणि बऱ्याच मुली तिथेच थांबतात, मला फार वाईट वाटतं, इतकं करून शेवटची पायरी राहते. दोन रस्ते आहेत. ज्युनिअर कॉलेजला युनिट असेल तर तिथे, नाहीतर ओपन ग्रुप, जो शाळेशी जोडलेला नसतो, तिथे कुठल्याही शाळेतल्या मुली येतात. तुमच्या जवळ कुठला आहे ते जिल्हा संघटकांकडे कळेल, ठाण्याच्या जिल्हा कार्यालयात गाईड विभागाच्या संघटकांना भेटा. आणि हे दहावीचा निकाल लागल्यावर नाही, नववीतच विचारून ठेवा, कारण शाळेकडून तिच्या आधीच्या सगळ्या सोपानांचं सही-शिक्क्याचं पत्र घ्यावं लागेल आणि मे महिन्यात शाळेत सही करायला कोणी सापडत नाही.