झिरो-टर्न मोवर घ्यावी का? ११ एकर, उताराची जागा, कोंढाळीजवळ

बरडावरचा
नमस्कार मंडळी. अमरावती रोडने कोंढाळीच्या जरा पुढे आमची ११ एकर जागा आहे. चार एकरात संत्रा, झाडं सहा बाय सहा मीटरवर. घराभोवती दोनेक एकर सपाट. बाकी सगळं टेकाड. खाली काळी माती, वर मुरूम आणि गोटे, शेवटी नाला. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतली होती, आता ते सत्तरीत आहेत. सालदार मागच्या दिवाळीला गावी गेला तो गेलाच.

पोळ्यापर्यंत गवत कमरेला लागतं. दोन ब्रश कटर आहेत, पण एका टोकाकडून कापत दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिल्या टोकाला पुन्हा उगवून राहते. गेल्या आठवड्यात मागच्या दाराच्या पायरीवर घोणस निघाली. तेव्हापासून आईने विषय लावूनच धरलाय.

व्हिडिओ पाहून पाहून झिरो-टर्नवर, म्हणजे त्या बसून चालवायच्या गवत कापायच्या मशीनवर, मन बसलं आहे. जागच्या जागी गर्रकन फिरते, झाडांमधून मस्त निघेल असं वाटतं. बजेट आठ लाख. डेक (खालचा ब्लेडवाला भाग, तेवढीच कापायची रुंदी) ४८ इंची घ्यावा की ६० इंची? इंजिन किती एचपीचं? नागपूर भागात कोणी वापरते का?

धुऱ्यावरून
भाऊ, एचपीचं मागून पाहू. टेकाड म्हणजे उतार किती ते सांगा आधी.

बरडावरचा
मोजला नाही. चालताना दम लागतो एवढा आहे 😀

धुऱ्यावरून
दम तर मले सीताबर्डीचा जिना चढतानाही लागते. मोजा बाप्पा.

मिस्त्रीकडची दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आणा. वरचं टोक जमिनीवर टेकवा, दुसरं टोक हवेत धरा, पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मधात आणा. मग हवेतल्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत टेप लावा. २१ इंच आले तर उतार १० अंश. ३२ इंच आले तर १५. ४४ म्हणजे २०. दहा-बारा ठिकाणी मोजा, जिथे सगळ्यात वाईट वाटते तिथे नक्की. डोळ्याने उतार कधीच बरोबर कळत नाही. खालून पाहिला तर भिंत वाटते, वरून पाहिला तर रस्ता.

मिहानकर
मी अमेरिकेत सहा वर्षं होतो, ओहायोत भाड्याच्या घराला साडेतीन एकर लॉन होतं, ५२ इंची झिरो-टर्न घरमालकाचीच होती. मशीन झकास आहे हे आधी कबूल करतो. सपाट जागेवर तिच्यासारखं काही नाही. पण उतारावरचा तिचा स्वभाव समजून घ्या, व्हिडिओत तो दाखवत नाहीत.

झिरो-टर्नला स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात. डावा दांडा डावं मागचं चाक चालवतो, उजवा उजवं. दोघांचे हायड्रोस्टॅटिक पंप (तेलाच्या दाबाने चाक फिरवणारे) वेगळे. पुढची दोन चाकं नुसती ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी, जिकडे ढकलाल तिकडे वळणारी. म्हणजे चालवणं, वळवणं, थांबवणं, तिन्ही कामं मागच्या दोन टायरांच्या पकडीवर. आता उतरताना काय होतं बघा. वजन पुढच्या चाकांवर जातं, मागचे टायर हलके होतात. एकदा का ते घसरले की तुमचं वळणंही गेलं आणि ब्रेकही गेला, दोन्ही एकाच क्षणी. साध्या ट्रॅक्टरला निदान पुढची चाकं तरी दिशा देतात.

माझ्यासोबत झालंय. मागे छोटं तळं होतं, त्याच्या काठाचा उतार बारा-तेरा अंशांचा असेल. सकाळचं दव होतं. आडवा चाललो होतो. आडवं जाताना नाक सारखं खाली ओढतं, म्हणून खालच्या बाजूचा दांडा कायम थोडा जास्त पुढे ठेवावा लागतो. तसा ठेवला होता. तरी मागचं चाक सुटलं आणि मशीन शांतपणे, अगदी शांतपणे, पाण्याकडे निघाली. मी दोन्ही दांडे मागे ओढले, चाकं उलटी फिरली, मशीन पुढेच जात राहिली. काठावरच्या विलोच्या बुंध्याला अडकली म्हणून आज हे लिहितोय. घरमालक म्हणाला, तुला मॅन्युअल दिलं होतं ना?

बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये कमाल १५ अंश लिहिलेलं असतं, काहींच्यात १०. आणि ते कोरड्या गवतासाठी. ओल्या काळ्या मातीवर ते आकडे विसरा, गुळगुळीत टर्फ टायरच्या खाचा दोन मिनिटांत भरतात. घसरायला लागली तर आधी ब्लेड बंद करा आणि सरळ खाली हळू उतरू द्या. उलटं वळवायला जाल तर पलटेल. नाल्याच्या काठापासून निदान दोन-तीन मशीनभर अंतर सोडाच.

रोल बार (मशीन उलटली तर वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) आणि सीट बेल्ट असलेलीच घ्या. रोल बार उभा असेल तेव्हा बेल्ट लावायचा. फांद्यांखाली जायला बार दुमडला तर बेल्ट काढायचा, नाही तर मशीन उलटली की तुम्ही तिच्याखाली बांधलेले राहता. आता विचार करा, तुमची संत्र्याची झाडं कमरेपर्यंत झुकलेली असतील. उतारावरच्या बागेत बार उभा ठेवावा की दुमडावा? दोन्ही वाईट.

काटोल_लाईन
बागेबद्दल एक. झिरो-टर्नचा डेक झाडाच्या बुंध्याला घासला की साल निघते आणि तिथून डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) शिरतो. आमच्याकडे ब्रश कटरच्या नायलॉन दोरीनेच आठ झाडं गेली. कापणारा पोरगा म्हणे, थोडीशीच लागली. खोडाभोवती दोन-अडीच फूट जागा हातानेच खुरपा, बोर्डो मलम लावा, मशीन मधल्या पट्ट्यातच फिरवा. सहा मीटरच्या ओळीत दोन्हीकडची घेर सोडून मधला पट्टा अडीच-तीन मीटरच राहते. तिथे ६० इंची डेकला काही अर्थ नाही.

वाडीतला_मेकॅनिक
मी लॉन मशीन, ब्रश कटर, जनरेटर हेच करतो, तर दोन शब्द.

कमरेएवढं गवत झिरो-टर्नचं कामच नाही. तिचा डेक वर केला तरी साडेचार-पाच इंच. ती दर आठ-दहा दिवसांनी फिरवायची मशीन आहे, पोळ्याला एकदा नाही. कमरेच्या गवतात घातली तर बेल्ट जळतो, डेक जाम होतो, आणि गवतात लपलेला गोटा ब्लेडला लागला की स्पिंडल (ब्लेड फिरवणारा दांडा) वाकते. तुमच्याकडे मुरमाचा माळ आहे म्हणजे हे होणारच.

दुसरं, पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं मिळते. या बाहेरच्या छोट्या इंजिनांच्या पुस्तकात बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असते. आपल्याकडे गवत चार महिने, मशीन आठ महिने उभी. टाकीत पेट्रोल तसंच राहते, जुलैत सुरू करायला गेले की कार्बोरेटरमधून चिकट गूळ निघतो. माझ्याकडे जुलैत येणाऱ्या निम्म्या मशिनी याच्याच. डिझेलच्या झिरो-टर्न आहेत, कुबोटाची झेडडी मालिका वगैरे, पण त्या तिकडे अमेरिकेतच तुमच्या बजेटच्या वर जातात.

तिसरं, स्पेअर. एका गिऱ्हाइकाने बाहेरून मागवलेली मशीन आणली होती. विकणारा फोन उचलायचा बंद झाला. डेकचा बेल्ट यायला सात आठवडे लागले, तोवर पावसाळा संपला. घ्यायच्याच असतील तर आधी बेल्ट, ब्लेड, फिल्टर, स्पिंडल इथल्या दुकानात शेल्फवर दाखवा म्हणा. "मागवून देतो" म्हणाले तर उठा.

धुऱ्यावरून
बकऱ्या पाळा ना भाऊ. पेट्रोल लागत नाही, १५ अंशाची अट नाही.

काटोल_लाईन
आणि संत्र्याची कोवळी पालवी कोण राखणार, तुम्ही?

बरडावरचा
मोजलं मंडळी. शनिवारी बाबा आणि मी. बाबांनी पट्टी धरली, मी टेप. घराभोवती चार-पाच इंच. बागेत १२ ते १५. टेकाडावर २६ पासून ३८ पर्यंत. नाल्याजवळ एका ठिकाणी ५० इंच आले, तिथे बाबा खाली बसले आणि म्हणाले, इथे तुझी मशीन फिरवून दाखव मग मी पैसे देतो.

म्हणजे सपाट दोन एकर सोडले तर झिरो-टर्न विसरावी का? की टेकाडासाठी काही वेगळं?

मिहानकर
बाग सात अंशांच्या आसपास आहे, तिथे कोरड्यात चालेल. पण हिशेब करा. ४८ इंची डेक म्हणजे १.२२ मीटर. ताशी सहा किलोमीटरने कागदावर १.८ एकर तासाला होतात, ओव्हरलॅप आणि वळणं धरून सव्वा-दीड. तुमचे सहा एकर चार-पाच तासांत. छान वाटतं, पण त्यासाठी चार महिने वापरायची आठ लाखांची मशीन?

तिकडे अमेरिकेत उतारासाठी वेगळीच यंत्रं असतात. व्हेंट्रॅकसारखे मधून वाकणारे चारही चाकं ओढणारे ट्रॅक्टर, किंवा लांबून रिमोटने चालवायचे पट्ट्यावरचे मोवर. इथे त्यांच्या नादी लागू नका, स्पेअरचं ऐकलंच ना वर.

वाडीतला_मेकॅनिक
माझं मत सरळ सांगतो. चार चाकं ओढणारा छोटा ट्रॅक्टर घ्या. महिंद्रा जिवो २४५ किंवा कुबोटा निओस्टार बी२४४१, दोन्ही २४ एचपी, डिझेल. मागे पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा स्लॅशर, म्हणजे जाड गवत कापायचं अवजार, लावा. गवत कमरेएवढं असो की छातीएवढं, तो कापते. तोच ट्रॅक्टर बागेत ब्लोअरने फवारणी करते, खताची ट्रॉली ओढते, म्हणजे आठ महिने झोपून नाही राहत. मेकॅनिक गावोगाव.

पण हा पण ट्रॅक्टरच आहे, पहिलवान नाही. टेकाडावर आडवा नेऊ नका. सरळ वर, सरळ खाली, लो गिअरमध्ये. चाकांची रुंदी जितकी वाढवता येईल तितकी वाढवा. रोल बार असलेलाच मागा. २६-२८ इंचांपर्यंत ठीक, ३८ वाल्या जागी मी स्वतः चालवणार नाही. स्लॅशर चालू असताना मागे माणूस उभा नको, गोटा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

काटोल_लाईन
ट्रॅक्टर घेत असाल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) यांत्रिकीकरणाचा अर्ज आधी टाका. पूर्वसंमती यायच्या आधी बिल केलं तर अनुदान विसरा. माझ्या भावाने हेच केलं, दसऱ्याचा मुहूर्त साधायच्या घाईत.

आणि वरच्या माळावरचं गवत कापायचंच काऊन? कोणतं आहे ते पाहा. पवना, मारवेल असेल तर फुलोऱ्यावर आल्यावर गवळ्याला विळ्याने कापून न्यायला सांगा, तो उलट तुम्हाला शेणखत देईल. कुसळी असेल तर कुसळं धरायच्या आधी, नंतर जनावर तोंड लावत नाही. मुळं जागेवर राहिली तर मुरूम नाल्यात वाहून जात नाही. साप पायरीवर येतो तो घराजवळच्या गवतातून, टेकाडावरच्या नाही. घरापासून शंभर फूट बारीक कापून ठेवा, दगडांचे ढीग हलवा, अंगणात उंदीर होऊ देऊ नका.

बरडावरचा
हे पटलं. आईलाही. घराभोवती आणि बागेत ट्रॅक्टर-स्लॅशर, बुंध्याजवळ खुरपी, टेकाड गवळ्याला. नाल्याकडचा तुकडा तसाच. अर्ज काल टाकला.

बाबांचा एकच प्रश्न राहिला आहे. निओस्टारवर रोल बार लावून संत्र्याच्या ओळीत फिरणारं कोणी काटोल-कळमेश्वर भागात असेल तर सांगा, फांद्या किती अडतात ते एकदा पाहून यायचं आहे. चहा आमच्याकडून.

धुऱ्यावरून
पट्टी घेऊन या, ओळी मोजून देतो. बकरीचंही दाखवतो.